पाच बोटांचा बैल

परवा वरवंडला जाण्याचा योग आला. योग कसला, कामच होते. रब्बी ज्वारीच्या पेरण्या तोंडावर आलेल्या. बियाण्याला गंधक चोळून मगच पेरा, हे सांगण्यासाठी एका वस्तीवर शेतकऱ्यांची सभा ठेवली होती. मी कृषी विस्तार अधिकारी. राहुरीच्या विद्यापीठातून बी.एस्सी. करून बाहेर पडलो, त्याला तीस वर्षे उलटून गेली. या तीस वर्षांत अशा सभा किती घेतल्या, त्याची मोजदाद नाही. पण परवाची सभा मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागले की हडपसर, लोणी, उरुळी कांचन, यवत अशी गावे मागे पडत जातात. उरुळी कांचनला गाडीचा वेग कमी झाला की माझे हात आपोआप जोडले जातात. येथे १९४६ साली महात्मा गांधींनी निसर्गोपचाराचे काम सुरू केले आणि ते मणिभाई देसाईंच्या हाती सोपवले. त्याच मणिभाईंनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था उभी केली आणि संकरित गाय शेतकऱ्याच्या दावणीला आणून बांधली. पुढे चौफुला लागतो. डाव्या हाताला केडगाव राहते. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात होरपळलेल्या मुली-बायकांना जवळ केले आणि ज्या मुक्ती सदनात त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवून पायावर उभे केले, ते याच केडगावात. चौफुला सोडला की थोड्याच वेळात वरवंड. पुण्यापासून साठेक किलोमीटरचा पल्ला.

वरवंडच्या शिवारात उभे राहिले की दौंड तालुक्याच्या दोन्ही तऱ्हा एकाच नजरेत येतात. खडकवासल्याचा कालवा जिथे पोहोचला तिथे ऊस उभा आहे, गुऱ्हाळांचा धूर आहे, पाटसच्या कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत. गावचा मोठा तलाव कालव्याच्या पाण्यावर भरतो. व्हिक्टोरिया तलाव हे त्याचे जुने नाव, आणि जुनी माणसे अजून तेच नाव घेतात. दक्षिणेला सुप्याच्या बाजूने चालू लागले की माळ सुरू होतो. खुरटे गवत, बाभळी, मेंढरांचे कळप. सुप्याजवळ त्या माळावरच मयूरेश्वर अभयारण्य आहे. चिंकारा हरणासाठी १९९७ साली ते राखून ठेवले. एका बाजूला साखर आणि दुसऱ्या बाजूला हरीण, असा हा मुलूख आहे.

सभेआधीची सभा

सभा अकराची होती. मी पावणेअकराला पोहोचलो. सभेला माणसे साडेअकराशिवाय जमत नाहीत, हे तीस वर्षांत शिकलो आहे. समाजमंदिराच्या ओट्यावर पिशवी ठेवून बसलो. शेजारच्या खोलीत अंगणवाडी भरलेली. आतून एकच गलका ऐकू येत होता. कोणी हंबरत होते, कोणी बेंबें करत होते, एकजण तर चक्क कोंबड्यासारखा आरवत होता. राहवेना म्हणून दारातून डोकावलो.

पंधरा-वीस मुले जमिनीवर बसली होती. पुढे जुन्या कॅलेंडरची पाने उलटी करून अंथरलेली. मध्ये एका पसरट थाळीत कालवलेला गेरू. अंगणवाडीच्या ताई एकेका मुलाचा हात धरून थाळीत अलगद बुडवत होत्या आणि कागदावर दाबत होत्या. हात उचलला की कागदावर तांबडा पंजा उमटे. मग कागद उलटा फिरवायचा, म्हणजे बोटे खाली येतात. चार बोटांचे चार पाय, तळव्याचे अंग आणि बाजूला निघालेला अंगठा म्हणजे मान. पुढे दोन शिंगे, मागे शेपूट आणि एक डोळा काढला की बैल झाला. चार दिवसांवर पोळा होता. पुणे जिल्ह्यात आपल्याकडे पुष्कळ गावी पोळा श्रावणी अमावस्येला न करता भाद्रपदी अमावस्येला करतात. म्हणून ताईंनी आधी बैलच घेतला होता.

“या की साहेब आत,” ताई म्हणाल्या. “तुमची माणसं यायला वेळ आहे. आमची सभा बघा.”

मी मांडी घालून बसलो. एकदा बैल जमल्यावर मुले काही थांबायला तयार नव्हती. तोच पंजा, पण अंगठा लांब ओढून खाली वळवला की सोंड झाली आणि हत्ती उभा राहिला. तांदळाच्या पिठीत हात बुडवून गेरूने सारवलेल्या पुठ्ठ्यावर दाबला आणि वर कापूस चिकटवला की मेंढी. बोटे वर ठेवली की पिसारा आणि अंगठ्याची मान, म्हणजे मोर. दोन पंजे अंगठ्याला अंगठा लावून उमटवले की फुलपाखरू. एका पोराने बारीक बोटांचा पंजा उमटवून त्याला गव्हाच्या काडीची शिंगे चिकटवली आणि म्हणाला, “ह्ये आमच्या माळावरचं हरीण.” सुप्याच्या बाजूला त्याच्या मामाचे घर. चिंकारा त्याने स्वतः पाहिलेला होता.

कोपऱ्यात एक आजोबा बसले होते. नातवाला सोडायला आलेले, पण रमून गेलेले. वस्तीवरची सगळी त्यांना तात्या म्हणतात. त्यांच्या नातवाने पांढऱ्या कागदावर काळ्या रंगाने पंजा उमटवला, त्यात पांढरे पट्टे राखले आणि मोठ्या ऐटीने म्हणाला, “तात्या, ही बघा गाय.”

तात्यांनी कागद लांब धरून पाहिला. “आरं, पर वशिंड कुठाय हिचं?”

“वशिंड म्हंजी?”

तात्या माझ्याकडे बघून हसले, पण त्या हसण्यात थोडी खंत होती. नातवाच्या गोठ्यात सगळ्या संकरित गाई. वशिंडाची गाय त्याने जवळून पाहिलेलीच नव्हती. मी ‘बाएफ’च्या दारावरून हात जोडून आलेला माणूस. दुधाचा पैसा या गाईंनी घरात आणला, हे मी नाकारणार नाही. पण खिल्लार म्हणजे काय आणि वशिंड कशाला म्हणतात, हे नातवाला सांगायचे कोणी? कागदावरच्या त्या पंजाने हा प्रश्न नकळत विचारला होता.

निळा मोर

एवढ्यात पाचेक वर्षांची एक मुलगी धावत आली. मघाशी ती मोर काढत होती. गेरूचा तांबडा मोर तिला काही पसंत पडला नव्हता. “मोर निळा असतोय,” असे म्हणून ती मदतनीस बाईंचा डोळा चुकवून शेजारच्या आपल्या घरी गेली आणि निळा रंग घेऊन आली. शीतपेयाची छोटी बाटली. तळाशी चार बोटे पाणी. निळेभोर, स्वच्छ, डोळ्यांत भरावे असे.

तिने बूच काढून बाटली थाळीत ओतायला घेतली, तोच मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने ओरडलो की सगळी मुले गप्प झाली आणि ती बिचारी रडायलाच लागली.

ते मोरचुदाचे पाणी होते. मोराच्या गळ्याचा रंग आणि नावही मोरचूद. तिने काही चुकीचे आणले नव्हते. मोराला लागणारा रंगच तिने आणला होता. घरी डाळिंबाची थोडी बाग. बोर्डो मिश्रणासाठी भिजवलेल्या मोरचुदाचे उरलेले पाणी वडिलांनी बाटलीत भरून गोठ्याच्या फळीवर ठेवले होते. टाकून कशाला द्यायचे, हा साधा शेतकरी हिशोब. त्यात खोडी काढण्यासारखे काहीच नव्हते. फक्त बाटली शीतपेयाची होती आणि फळी पाच वर्षांच्या मुलीच्या हाताला येणारी होती.

या वयाची मुले हात रंगले की आधी काय करतात? तोंडाला लावतात. डोळे चोळतात. नंतर त्याच हाताने खिचडी खातात.

मी बाटली काढून घेतली, बूच घट्ट लावले, पिशवीत खाली ठेवली. मुलीचे हात साबणाने दोनदा धुतले. तिला जवळ घेऊन म्हटले, “बाई गं, तू चुकली नाहीस. मीच घाबरलो.”

आणि मी खरोखरच घाबरलो होतो. का घाबरलो, ते आता सांगतो. आजवर कोणाला सांगितले नव्हते.

न मोजलेले मूल

नोकरीची पहिलीच वर्षे. तालुका दुसरा होता, द्राक्षांचा. एका मळ्यात बोर्डो मिश्रणाचे प्रात्यक्षिक घेतले. एक टक्क्याचे मिश्रण करायचे तर एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, धातूचे भांडे वापरायचे नाही, लाकडी काठीने ढवळायचे. सगळे पाठ केल्यासारखे सांगितले. शेतकऱ्यांना पटले. मीही खूश. निघताना थोडे मोरचूद उरले होते. जवळ सहा-सात वर्षांचा एक मुलगा उभा होता. वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून त्याच्या हातात दिली आणि म्हटले, “बापाला नेऊन दे.”

वाटेत त्याने पुडी उघडली. मोरचुदाचे खडे निळ्या खडीसाखरेसारखे दिसतात. त्याने एक तोंडात टाकला.

निळ्या-हिरव्या ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा आईच्या लक्षात आले. मोटारसायकलवर मध्ये धरून त्याला दवाखान्यात नेले. तीन दिवस ठेवावे लागले. मुलगा वाचला. मी भेटायला गेलो, तेव्हा त्याचा बाप मलाच धीर देत म्हणाला, “साहेब, पोरगं वाचलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” ते शब्द ऐकून मला वर बघवले नाही.

त्या दिवसाची माझी दैनंदिनी अजून घरात आहे. तिच्यात लिहिले आहे : ‘बोर्डो मिश्रण प्रात्यक्षिक. उपस्थिती २२.’ बावीस शेतकरी मी मोजले होते. भोवती उभी असलेली मुले मोजली नव्हती. शेतीच्या प्रत्येक कामाभोवती मुले उभी असतात. फवारणीचा पंप भरताना असतात, खताच्या पोत्यावर बसलेली असतात, रिकाम्या डब्यांची गाडी करून ओढत असतात. आमच्या कोणत्याही तक्त्यात त्यांना रकाना नाही.

गोकर्णीचा रंग

मुलगी अजून मुसमुसत होती. तिचा मोर तांबडाच राहिला होता. निळा रंग हवा होता आणि तो माझ्यामुळे गेला होता. ताईंनी खिडकीबाहेर पाहिले. अंगणवाडीच्या कुंपणावर गोकर्णीचा वेल पसरलेला, भाद्रपदातल्या ओलीवर निळ्या फुलांनी भरलेला. ताई म्हणाल्या, “चला, रंग तोडून आणू.”

ओंजळभर फुले आणली. मदतनीस बाईंनी खिचडीसाठी ठेवलेल्या आधणातले पेलाभर गरम पाणी त्यांवर ओतले. दहा मिनिटांत पाणी निळे झाले. कोमट झाल्यावर त्यात तांदळाची पिठी कालवली. रंग मोरचुदाएवढा गडद आला नाही, खोटे कशाला सांगू? फिका आला, आभाळासारखा. पण मुलीने हात बुडवला, कागदावर दाबला, उचलला आणि डोळे पुसून म्हणाली, “हा मोराचा बाळ हाय.” मग त्याच पाण्यात ताईंनी लिंबाचे चार थेंब पिळले, तर निळ्याचे जांभळे झाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. रसायनशास्त्र शिकायला मी राहुरीपर्यंत गेलो होतो. या पोरांना ते कुंपणावर मिळाले.

मला तेव्हा कोसबादची आठवण झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते काम कोसबादच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार, आणि अंगणवाडी हा शब्दही त्यातूनच आपल्याला मिळाला. शहरातली महागडी खेळणी त्यांनी आणली नाहीत. बिया, शंख-शिंपले, पाने, माती, काड्या यांतूनच मुलांना शिकवले. त्यानंतर देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि गावोगावी अंगणवाड्या उभ्या राहिल्या. वरवंडच्या वस्तीवरच्या ताईंनी कुंपणावरून रंग तोडला, तो त्याच वाटेने आलेला होता.

आणि हाताचा ठसा हा काही आजचा खेळ नाही. पोळ्याला आपण बैलाच्या अंगावर गेरूचे पंजे उमटवतोच. इंडोनेशियात सुलावेसी नावाचे बेट आहे. तिथल्या गुहांच्या भिंतींवर माणसाच्या हातांच्या खुणा आहेत आणि शेजारी जनावरांची चित्रे आहेत. त्यांतली हाताची एक खूण किमान ३९,९०० वर्षांची आहे, असे २०१४ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले. तेव्हा शेती नव्हती, गाव नव्हते. पण हात होता, जनावर होते आणि तांबडी माती होती.

बसणारा बैल

साडेअकराला माणसे जमली. मी त्यांना समाजमंदिरात न नेता अंगणवाडीतच बसवले. भाषणाच्या आधी प्रत्येकाने एक बैल काढायचा, असे सांगितले. माणसे हसली, लाजली, “साहेब, ह्ये काय वय हाय का?” म्हणाली. पण मुलांनी ज्याचा त्याचा हात धरून थाळीत बुडवला. कुणाचा बाप, कुणाचा चुलता, कुणाची आजी. भेगाळलेले हात ते. कागदावर तळव्याच्या भेगासुद्धा उमटल्या. उन्हाळ्यात तलाव आटल्यावर तळ जसा फुटतो, तसे ते पंजे दिसत होते.

तात्या मात्र उपरण्याखाली उजवा हात झाकून बसले होते. ते का, हे मोठ्यांना माहीत होते. काही वर्षांपूर्वी कडबा कुट्टीच्या यंत्रात त्यांची अंगठ्याशेजारची दोन बोटे अर्धी गेली होती. नातू जवळ गेला आणि त्याने उपरण्याखालून हात ओढून काढला. तात्या “ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे” म्हणत राहिले. त्याने तो गेरूत बुडवला आणि कागदावर दाबला.

अंगठ्याची मान नीट उमटली. मागचे दोन पाय लांब, पुढचे दोन आखूड. खोलीत कोणी बोलेना. तात्या हळूच म्हणाले, “माझा बैल लंगडा झाला.”

नातवाने कागद फिरवून पाहिला. “लंगडा न्हाई, तात्या. बसाया लागलाय. पुढचं पाय मुडपल्यात.”

ज्याच्या दारात जनावर आहे, त्याला यातले खरेपण कळेल. बैल काय, गाय काय, बसताना आधी पुढचे गुडघे टेकते आणि उठताना आधी मागचे पाय उचलते. हे पाच वर्षांच्या मुलाने गोठ्यात पाहून ठेवले होते. तात्यांनी अंगठा पुन्हा गेरूत बुडवला आणि बैलाच्या पाठीवर, मानेच्या मागे एक ठसा दाबला. “ह्ये वशिंड,” ते म्हणाले. “बघून ठिव.”

मग मी माझी सभा घेतली. गंधकाचे पाच मिनिटांत सांगितले : ज्वारीच्या किलोभर बियाण्याला चार ग्रॅम गंधक चोळले की काणीचा बंदोबस्त होतो. उरलेला वेळ त्या निळ्या बाटलीला दिला. बाटली सगळ्यांसमोर ठेवली, कोणाची ते सांगितले नाही. माझ्या दैनंदिनीतली ती नोंदही सांगितली. मुलीचा बाप सभेत होता. उठून म्हणाला, “साहेब, बाटली माझी हाय.” कोणी त्याला बोल लावला नाही. दोन-चार जण गप्प होऊन खाली बघत होते. त्यांच्याही फळीवर काय काय असेल, ते त्यांनाच ठाऊक.

घरी करून पाहा

वाचक बंधू-भगिनींनो, हा खेळ तुमच्याही घरी करता येईल. खर्च काहीच नाही.

तांबड्या रंगासाठी गेरू भिजवावा आणि त्यात कणकेची पातळ खळ घालावी, म्हणजे वाळल्यावर रंग झडत नाही. पिवळ्यासाठी हळद, पांढऱ्यासाठी तांदळाची पिठी, गुलाबीसाठी बिटाचा रस, हिरव्यासाठी पालकाचा रस, निळ्यासाठी गोकर्ण. काळ्यासाठी चुलीतला कोळसा बारीक वाटून खळीत कालवावा. हळदीत चुना पडला की लाल होते, हे मुलांना दाखवावे. पण चुना मोठ्यांनीच हाताळावा, मुलांच्या हाताला किंवा डोळ्याला लागू देऊ नये. रंग ताटात पातळ पसरावा, हात बुडवून निथळू द्यावा, मग कागदावर एकदाच सरळ दाबून सरळ उचलावा. घसरला तर बिघडत नाही. मूल त्यालाही काही तरी नाव देतेच.

काय वापरू नये, तेही सांगतो. शेंदूर वापरू नये. खरा शेंदूर शिशापासून करतात आणि शिसे मुलांना फार घातक. बैलाच्या शिंगांना लावायचा तैलरंग मुलांच्या हाताला लावू नये. औषध लावलेल्या बियाण्याचा गुलाबी-लाल रंग सुंदर दिसतो, तो धोक्याची खूण म्हणूनच दिलेला असतो. आणि मोरचूद तर नाहीच नाही.

आता फळीचे. औषध ज्या डब्यात आले त्याच डब्यात ठेवावे, कुलपात आणि उंचावर. पिण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नये. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग ओळखावा : लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला तरी ते विषच आहे. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपात घालावे आणि डब्याला भोके पाडावीत, म्हणजे त्यात पुन्हा कोणी काही भरणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती कर्ती, जाणती माणसे होती. मुलाच्या अंगात तर जीव केवढासा. चुकून काही पोटात गेलेच, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. १०८ नंबरची गाडी बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा आणि औषधाचा डबा बरोबर न्यावा. डॉक्टरांना नावावरून उपचार ठरवता येतो.

परतीची वाट

निघताना मुलांनी मला एक कागद दिला. तात्यांचा बसणारा बैल होता तो. तात्यांनीच द्यायला सांगितले होते. बाटली मी पिशवीतून परत आणली.

संध्याकाळी घरी पोहोचलो. बायकोला सगळी हकिकत सांगितली. आमच्याकडे सुटीला नातवंडे येतात, तीही चार-पाच वर्षांचीच. ती ऐकून घेऊन उठली, मागच्या पडवीत गेली आणि एक पाण्याची बाटली माझ्यापुढे आणून ठेवली. मागच्या महिन्यात मीच कुंडीतल्या झाडांवर मारायला औषध कालवले होते आणि उरलेले त्या बाटलीत भरून खालच्या कप्प्यात ठेवले होते. वरून चिठ्ठीसुद्धा लावली नव्हती.

तीस वर्षे लोकांना सांगत फिरणाऱ्याच्या घरी ही गत. तुम्हाला उपदेश करायला मी मोकळा नाही, हे मान्य. पण पोळ्याला गेरू भिजवाल, तेव्हा मुलांचे हात त्यात बुडवण्याआधी एकदा आपल्या फळीवर हात फिरवून या. मी त्या रात्री फिरवला. आणखी दोन बाटल्या निघाल्या.